सेतूचा जोडलेला आवाज

रुक्मा अक्कांचा फोन आला तेव्हा मी मद्रासमध्ये, टी. नगरच्या बस थांब्यावर उभा होतो. "सेतू गेला," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आईस सांगितलेलं नाही. तुम्ही आईच्या घरीं जाऊ नका, इकडे माझ्याकडे तांबरमला या." अक्का म्हणजे माझा मित्र सेतुमाधव राव याची थोरली बहीण. सेतू इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात काम आटोपून कंपनीच्या बसने परत येत होता. खिडकीला डोकं टेकून झोपलाय असंच सगळ्यांना वाटलं. पोरूरजवळ शेजारच्याने उठवायला हात लावला तेव्हा कळलं... इस्पितळातून त्याला थेट अक्कांच्या घरी नेलं. पश्चिम मांबलममध्ये, जिथे तो आणि त्याची म्हातारी आई दोघंच राहत, तिथे त्याला आणलंच नाही. सगळे विधी तांबरमला झाले. आईला सांगितलं गेलं की सेतूला कंपनीने अचानक सिंगापूरला पाठवलं आहे.

मी हे लिहितो आहे ते मराठीत, आणि सेतूच्या घरात मराठी वाचणारं कुणी नाही. तंजावरकडची ही मंडळी घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. सेतू महाराष्ट्रात कधी आला नाही. त्याची मराठी ऐकून पहिल्या भेटीत मला वाटलं होतं की बखरीतला एखादा कारकून पँट-शर्ट घालून समोर उभा आहे. तो "मला" म्हणत नसे, "मज" म्हणे. "का" म्हणत नसे, "काय म्हणून" म्हणे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तमिळ हेल असे, त्यामुळे साधी माहितीसुद्धा प्रश्नासारखी वाटे.

आमची भेट या शतकाच्या सुरुवातीची. मी नाशिकहून संकलनाचं काम शिकून, बऱ्याच ठिकाणी धक्के खाऊन मद्रासला आलो होतो. बायकोची बँकेतली नोकरी नाशिकला, मुलगी तिच्याजवळ, आणि मी इथे कोडंबाक्कममध्ये एका खोलीत. टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, आमचा स्टुडिओ होता. अमेरिकेतल्या एका मुलांच्या वाहिनीने एक जपानी कार्टून मालिका विकत घेतली होती. वारा ताब्यात ठेवणारा, डोक्यावर घमेल्यासारखं शिरस्त्राण घालणारा एक पोरगा शहराला राक्षसांपासून वाचवतो, अशी ती मालिका. ती तिकडच्या मुलांना दाखवण्याजोगी करून देणं हे आमचं काम. करून देणं म्हणजे काय, तर रक्त पुसायचं. सिगारेट ओढणाऱ्या पोलिसाच्या तोंडातून ती काढून टाकायची, आणि मग तो बिचारा दोन बोटं ओठांशी धरून नुसताच विचार करताना दिसे. जपानी पाट्यांवर रंग द्यायचा. भाताच्या गोळ्याला सँडविच म्हणायचं. दोन भागांची कापाकापी करून एक करायचा. चित्रांची जबाबदारी माझी. वाहिनीच्या नियमात काय बसतं, काय नाही हेही मीच बघायचं. आणि संवाद सेतूचे.

सेतूने त्याआधी बरीच वर्षं तेलुगू सिनेमे तमिळमध्ये आणण्याचं काम केलं होतं. आवाज बंद करून तो पडद्यावरचं तोंड बघत राही, स्वतःचे ओठ तसेच हलवी, आणि मग इंग्रजीत त्या मापाचं वाक्य लिही. ओठ मिटले तिथे ओठ मिटणारंच अक्षर हवं, तोंड उघडं राहिलं तर शब्दही उघडा हवा. खरे आवाज तिकडचे कलाकार देणार होते. त्यांना अंदाज यावा म्हणून सगळ्या पात्रांचे कच्चे आवाज सेतूच माइकसमोर बसून देई. राक्षसही तोच, पोरगाही तोच, पोराची शेजारीणही तोच. मधेच अडखळला की "आई गं!" म्हणून कपाळावर हात मारी. काच वाजवून मला म्हणे, "काय महाराष्ट्र, हा बरा आहे की परत करूं?"

माझं नाव त्याने कधी घेतलं नाही. "महाराष्ट्र" हेच माझं नाव. "महाराष्ट्र जेवला का?" "महाराष्ट्राचं तोंड आज काय म्हणून उतरलं?" रविवारी तो मला घरी घेऊन जाई. त्याची आई आंबट भाजी आणि भात वाढायची, आणि मी दुसऱ्यांदा भात नको म्हटलं की सेतूकडे बघून विचारायची, "यांच्या देशांत भात पिकत नाही कीं?" त्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारी ही दोनच माणसं होती. त्या जेवणांवर माझा आठवडा निघे. संध्याकाळी परत येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी नाशिकला फोन करायचो आणि मुलीला सांगायचो, पुढच्या महिन्यात येतो. सेतू बाहेर उभा राहून ऐकायचा. एकदा म्हणाला, "तू त्या पोरीस दर रविवारी हेंच सांगतोस. एकदा 'येत नाही' म्हणून बघ. ती रडेल, मग खेळायला जाईल." मी हसून सोडून दिलं.

मग तो म्हाताऱ्याचा भाग आला. त्या वाऱ्यावाल्या पोराला एका म्हाताऱ्याने सांभाळलेलं असतं. त्याचा झगा तोच शिवतो, त्याला तोच दटावतो. मालिकेच्या मध्यावर एक मनोरा कोसळतो आणि पोराला ढकलून म्हातारा त्याच्याखाली सापडतो. जपानी लोकांनी ते फार सावकाश दाखवलं होतं. हात सैल पडतो. पोरगा शिरस्त्राण काढतो. मग घरात म्हाताऱ्याचा फोटो, पुढे उदबत्ती, आणि पोरगा बराच वेळ नुसता बसलेला. वाहिनीचा नियम स्पष्ट होता, मुलांच्या कार्यक्रमात मरण नको. मी मनोरा कोसळण्याच्या आधीच कात्री लावली, जुन्या भागातलं म्हातारा पाठमोरा चालत जातोय असं दृश्य जोडलं, आणि सेतूला म्हटलं, पोराच्या तोंडी एक ओळ दे, 'आजोबा विश्रांतीसाठी डोंगरात गेले.'

सेतूने पेन खाली ठेवलं.

"नाही लिहिणार."

"नियम आहे रे. मी काय करू?"

"आजोबा गेले, एवढंच लिहितों. पुढे त्यांस काय कळायचं तें कळेल. डोंगर नको."

"नुसतं 'गेले' चालणार नाही. कुठे गेले ते सांगावं लागतं."

तेव्हा त्याने मला आपल्या वडिलांचं सांगितलं. तो शाळेत जाऊ लागला होता तेवढ्यात वडील तंजावरला आजारी पडून वारले. आईने त्याला सांगितलं, बाबा तंजावरात कामास राहिले आहेत, काम झालं की येतील. तिकडच्या गाड्या मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर येतात. त्याचा मामा तिथे पार्सल ऑफिसात होता. शाळा सुटली की सेतू मामाकडे जाई, पार्सलांच्या पोत्यांवर बसे आणि उतरणारी माणसं बघे. "गर्दीत एक तरी पांढरा शर्ट बाबांच्या चालीने चालायचा," तो म्हणाला, "मग जवळ येऊन दुसराच कोणी व्हायचा." मी विचारलं, खरं कधी सांगितलं तुला? तो म्हणाला, "कोणीच नाही सांगितलं. एक दिवस मीच विचारायचं थांबलों. आई पण त्या दिवशीं बरी जेवली."

मी ऐकून घेतलं. मला वाईटही वाटलं. आणि मग ती डोंगराची ओळ मीच लिहिली... त्याच्याइतकी चांगली नव्हती, पण तोंडाला बसली.

पुढे जे झालं ते आमच्या धंद्यातच होऊ शकतं. उरलेल्या भागांमध्ये म्हाताऱ्याचा फोटो सतत भिंतीवर दिसे आणि पोरगा त्याच्याकडे बघे. सगळीकडून तो फोटो पुसणं शक्य नव्हतं. मालिका तिकडे सुरू झाल्यावर वाहिनीच्या बाईंचा फोन आला. मुलं सारखी विचारताहेत, आजोबा डोंगरातून कधी येणार? तुमच्याकडे जुनी दृश्यं आहेत, जुळवून त्यांना एका भागापुरतं परत आणता येईल का? मला त्यात फक्त कारागिरी दिसली. म्हाताऱ्याचं दार उघडणं एका भागातून, हसणं दुसऱ्यातून, पोराच्या डोक्यावर हात ठेवणं तिसऱ्यातून. आठवडाभर खपलो. मेलेला म्हातारा दारातून आत आला, हसला, आणि पुन्हा डोंगरात गेला. जोड कुठेही दिसत नव्हता. मी सेतूला बोलावून दाखवलं.

त्याने पूर्ण बघितलं. "छान जुळलंय," म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं. मग म्हणाला, "आता तीं पोरं रोज दार बघतील, महाराष्ट्र. पूर्वी थोडीच बघत होतीं." त्या भागाचे संवाद त्याने लिहिले नाहीत, कच्चे आवाजही दिले नाहीत. तेही मीच उरकलं. महिना संपताना तो स्टुडिओ सोडून गेला. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं.

त्यानंतर तो कारखान्यांच्या शिकाऊ कामगारांसाठी माहितीपट करू लागला. यंत्र कसं चालवायचं, हात कुठे ठेवायचा नाही, असं. मी रविवारचं जाणं कमी केलं, आधी कामाचं निमित्त काढून, मग निमित्त न काढता. आई विचारायची म्हणे, महाराष्ट्र देशास परत गेला कीं काय. मी त्याच शहरात होतो, दोन बसथांब्यांवर. शेवटची भेट मागच्या वर्षी एका कॉफीच्या दुकानात अचानक झाली. तो पाठ थोपटून म्हणाला, "काय, तुझा म्हातारा अजून डोंगरांतच? पेन्शन मिळते का त्यास?" आम्ही दोघंही खूप हसलो. मी म्हटलं, येतो एकदा जेवायला. तो म्हणाला, "ये की. भात पिकतो अजून." मी गेलो नाही...

दिवस झाल्यानंतर अक्का माझ्याकडे आल्या. खुर्चीवर टेकल्या, पाणी घेतलं नाही. आई रोज विचारते, म्हणाल्या, सेतू फोन काय म्हणून करत नाही? डॉक्टरांनी सांगितलंय तिचं हृदय फार नाजूक झालंय, धक्का नको. "तुमच्याकडे त्याचा आवाज असेल ना? तुम्ही तुकडे जोडतां, सेतू सांगत असे. दोन वाक्यं पुरे. बरा आहे, येतों, एवढंच. फोनवरचा आहे म्हणून ऐकवूं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बघतो.

त्या रविवारी दुपारभर मी कच्च्या आवाजांच्या जुन्या फाइली ऐकत बसलो. राक्षस, पोरगा, शेजारीण... आणि मधे मधे सेतू. "आई गं!" मधून मी 'आई' काढलं आणि 'गं' कापून टाकलं. "हा बरा आहे" मधून 'बरा आहे'. "कॉफी घेऊन येतों" मधून 'येतों'. 'मी' कुठे सुटा मिळेना, तो एका खोकल्याच्या पुढे सापडला. मागचा पंख्याचा आवाज सगळीकडे सारखा केला, टेलिफोनवर असतो तसा चिरका केला. आई, मी बरा आहे, येतों. चांगलं काम झालं होतं, हे मला इथे लिहायला हवं. इतकं चांगलं, की पहिल्यांदा सलग ऐकल्यावर रिकाम्या खोलीत मी मोठ्याने "हो, ये" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी पश्चिम मांबलमला गेलो. अक्का आधीच येऊन थांबल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्या घरात पाऊल टाकत होतो. आई पुढच्या खोलीत दाराजवळ खुर्चीवर बसली होती. पूर्वी ती दिवसाचा बहुतेक वेळ आतल्या पलंगावर असायची.

"महाराष्ट्र कीं?" तिने डोळे बारीक करून विचारलं. "म्हातारा झालास रे. जेवतोस कुठे?"

"मेसमध्ये, आई."

"म्हणून." तिने माझा हात चाचपून पाहिला. "सेतू सिंगापुरास गेला, ठाऊक आहे ना? जाताना मज उठवलंसुद्धा नाही."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी डोळ्यांनी लॅपटॉप दाखवला. मी तो मांडीवर घेऊन उघडला आणि म्हटलं, "आई, त्याचा..." पुढचं वाक्य ठरलेलं होतं, त्याचा फोन आला होता, तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. तेवढ्यात ती म्हणाली, "नेमक्या कोणच्या दिवशीं येणार, तेवढं विचारून ठेव. ही कामवाली रोज खुर्ची दारांत टाकायला कटकट करते. मी म्हणतें, अगं, चार वाजतां टाक, दिवे लागले कीं आंत ने. रस्त्यावर एवढीं माणसं जातात येतात, मज दिसत नाहीत, पण चाल ओळखूं येते."

मी लॅपटॉप मिटला.

"आई," मी म्हटलं, "सेतू नाही येणार. सेतू गेला. बसमध्ये, झोपेत गेला. सिंगापूर नाही."

अक्का "अय्यो!" म्हणून धावल्या आणि आईचे खांदे धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून बाजूला करू शकलेलो नाही. मी त्यांना शब्द दिला होता. आईला तिथल्या तिथे काही झालं असतं, तर त्याला मीच कारण झालो असतो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आईचा हात माझ्या मनगटावरच होता, आणि तो हळूहळू जड होत गेला.

"केव्हां?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"तिथि कोणची?"

ते मला माहीत नव्हतं. अक्कांनी मागून, रडत रडत, तिथी सांगितली. आईने ती पुटपुटून घेतली. मग अक्कांना म्हणाली, "रडूं नको. मज आंत ने. नाहूं घाल."

"आतां? संध्याकाळीं? सर्दी होईल, आई..."

"मुलगा गेला तें आतां ऐकलं ना मी? मग आतां नाहायचं."

दोघी भिंत धरून आत गेल्या. मी त्या खुर्चीशेजारी बसून राहिलो. पितळी बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला, मग डोक्यावरून तांब्या ओतल्याचा, मग आणखी एक. "गार आहे की गं," असं आई म्हणाली, आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. तो तिचा आहे. ओल्या केसांनी, पांढरं नेसून ती बाहेर आली तेव्हा खूप लहान दिसत होती. मला अजून तिथेच पाहून म्हणाली, "तूं काय म्हणून बसलास? घरीं जा. जाऊन नाहा."

"मी त्या दिवशीच केली अंघोळ, आई. तांबरमहून आल्यावर."

"त्या दिवशीं मी नव्हतें," ती म्हणाली. "आज आमच्याबरोबर नाहा."

अक्का तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आई आहे, कमी जेवते, सकाळी सेतूच्या नावाने एकदा रडते, असं त्यांच्या कामवालीकडून कळतं. मी बरं केलं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. ती फाइल मी पुसलेली नाही, आणि पुन्हा ऐकलेलीही नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर आलो तर नळाला पाणी नव्हतं. बादली घेऊन खाली अंगणातल्या हातपंपावर गेलो. घरमालकीण पायरीवर तांदूळ निवडत होती. सकाळी मला अंघोळीला जाताना तिने पाहिलं होतं. "आज दोनदा अंघोळ?" तिने तमिळमध्ये विचारलं. इतकी वर्षं तिथे राहून माझं तिच्याशी बोलणं भाडं आणि पाणी यांपलीकडे गेलं नव्हतं. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी म्हटलं, "आमच्या घरातलं एक माणूस गेलं." तिने सूप बाजूला ठेवलं, उठून आली, आणि पंपाचा दांडा माझ्या हातातून घेतला.